घरातली साथ आणि "काही होत नाही गं" म्हणणारा नवरा

"काही होत नाही गं." नवऱ्याला कणकण आहे, नाक गळतंय, घसा बसलाय, तरी घरात आल्या आल्या पहिलं काम काय तर बाळाला उचलायचं, पापे घ्यायचे, आणि बायको म्हणाली की अरे आधी हात तरी धू, तर त्यावर हे उत्तर. बाई चिडली की मग पुढचं ऐकवतात. तू जरा अतीच करतेस, कोव्हिडपासून तुझ्या डोक्यात बसलंय सगळं, आम्ही काय लहानपणी मास्क लावून फिरत होतो का. मैत्रिणींमध्ये विषय काढला तर सगळ्याजणी हसतात, आमच्याकडे पण अगदी हेच म्हणतात, आणि चहा संपला की विषयही संपतो. मला हे हसून सोडून देणं आता पटत नाही. नवरा ओला टॉवेल गादीवर टाकतो हा घरातला वाद आहे, तो घरात राहू दे, पण नवऱ्याच्या खोकल्याने सहा आठवड्यांचं बाळ ॲडमिट होतं किंवा त्याने मध्येच सोडलेल्या टीबीच्या गोळ्यांमुळे बायको आजारी पडते तेव्हा तो दोघांमधला वाद राहत नाही. मग डॉक्टर, सरकारी योजना, ऑफिसची रजा आणि आपण मुलांना वाढवतो कसं हे सगळंच त्यात येतं.

२०२३ चा पावसाळा आठवत असेल. जुलैमध्ये आळंदीत डोळ्यांची साथ सुरू झाली, मग पुणे जिल्हा, मग बघता बघता सगळीकडे, शाळेच्या ग्रुपवर रोज मेसेज की अमुक वर्गात इतक्या मुलांचे डोळे आलेत, पाठवू नका. आमच्याकडे डोळे पहिले नवऱ्याचेच आले. ऑफिसमधून लाल डोळे घेऊन आला आणि काळा गॉगल लावून घरभर फिरायला लागला, कारण त्याच्या मते डोळ्यात डोळे घातले की लागण होते, गॉगल लावला की प्रश्न मिटला. ही समजूत किती पक्की आहे बघा, शिकलेला माणूस, मोबाइलवर दिवसभर बातम्या वाचतो, पण व्हायरस हाताने पसरतो, डोळा चोळलेला हात नळाला लागतो, दाराच्या कडीला लागतो, रिमोटला लागतो, हे मी सांगितलं तर ते बायकोचं बोलणं. आमच्या बेसिनपाशी एक नॅपकिन असतो, हात पुसायचा, सगळ्यांचा मिळून एक. मी तो काढून प्रत्येकाला वेगळा दिला, वेगवेगळ्या रंगाचा, आणि संध्याकाळी बघते तर याने तोंड धुवून हाताला आला तो उचलला, आणि तो होता सासूबाईंचा. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं होतं. डॉक्टरांनी डोळ्याला पाणीसुद्धा लागू देऊ नका म्हणून बजावलेलं, ड्रॉप्स घालायच्या आधी मी दरवेळी साबणाने हात धूत होते, आणि तो नॅपकिन तिथे ओलाच्या ओला लटकत होता. मुलीचे डोळे आले, मग सासूबाईंचेही आले, मग त्यांना घेऊन पुन्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, आणि ऑपरेशन केलेल्या डोळ्यात इन्फेक्शन गेलं तर काय होऊ शकतं हे तिथे ऐकताना माझे हातपाय गार पडले. डोळा वाचला. नवरा म्हणाला, बघ, उगाच घाबरत होतीस.

मला राग येतो तो या "बघ, उगाच" चा. वाचलो म्हणजे काळजी घ्यायची गरजच नव्हती असा हिशोब कुणी घरात मांडायला लागला की त्याच्याशी बोलणंच खुंटतं. काळजी घेतली म्हणून वाचलो का नशिबाने वाचलो हे कळायला मार्ग नसतो, त्यामुळे न घेणारा कायम जिंकतो आणि घेणारी कायम वेडी ठरते.

आणि आजार घरभर फिरला की पुढचं सगळं कोण करतं? रात्री मुलीचा ताप मोजायला दोनदा कोण उठतं, सासूबाईंची पेज कोण करतं, उलटीची चादर कोण धुतं, शाळेत कोण कळवतं? केंद्र सरकारच्या २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेत आलंय की घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि जे पुरुष घरकाम करतात ते ८८ मिनिटं. हा सरासरी दिवसाचा आकडा आहे, घरात कुणी अंथरुणाला खिळलं की तो वाढणारच. शेवटी तिलाही ताप येतो, कारण सगळ्यांच्या उशापायथ्याशी तीच बसलेली असते, आणि ती मात्र एक पॅरासिटामॉल घेऊन ओट्यापाशी उभी असते कारण डबे द्यायचेत. म्हणजे बेफिकीर राहायची मोकळीक एकाची आणि त्याची किंमत मोजणारी दुसरी. किंमत त्यालाच मोजावी लागली असती तर तो इतक्या सहज "काही होत नाही" म्हणाला असता का, मला नाही वाटत.

काही जण म्हणतात आपल्या लोकांना हे आयसोलेशन वगैरे जमत नाही, आपली घरं छोटी, आपल्यात माया जास्त, आपण कुणाला बाजूला बसवत नाही. हे मला अजिबात मान्य नाही. आपल्या घरांना बाजूला बसवणं उत्तम जमतं. पाळी आली की चार दिवस वेगळी चटई, वेगळं ताट, देवघराकडे जायचं नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, हे अजूनही कितीतरी घरांत चालतं, आणि पाळीपासून कुणालाही कसलीही लागण होत नाही. सोवळ्यातल्या स्वैपाकाला स्पर्श चालत नाही. सुतकात दहा दिवस कुठे जायचं नाही, हे तर अगदी सुशिक्षित घरातही बिनतक्रार पाळतात, ऑफिसची पूजासुद्धा टाळतात. कांजिण्या आल्या तर आजही खोलीच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा लागतो आणि मुलाला वेगळं झोपवतात. म्हणजे शिस्त आहे, जागाही निघते, घरातल्या पुरुषांनाही ते नियम तोंडपाठ असतात. फक्त जिथे खरोखरचा जंतू आहे, जो हवेतून शेजारच्या उशीवर जातो, तिथे म्हणायचं की आपल्याच घरात आपल्याच माणसांपासून कसलं आलंय पथ्य.

आणि यातही बाई-पुरुष बघून नियम बदलतात. घरातल्या सुनेला टीबी निघाला तर काय होतं ते मी जवळून बघितलंय. तिचं ताट-वाटी वेगळी, कप वेगळा, कपडे वेगळ्या बादलीत, मुलाला तिच्याजवळ जाऊ द्यायचं नाही, आणि थोड्याच दिवसांत तिला माहेरी सोडून येतात, "बरी झाली की आणू." टीबी भांड्यातून पसरत नाही. फुफ्फुसाचा टीबी हवेतून पसरतो, पेशंट खोकतो, बोलतो, शिंकतो तेव्हा बाहेर पडणारे कण बंद खोलीत तरंगत राहतात आणि तिथे तासन् तास बसणाऱ्याच्या श्वासात जातात. म्हणजे ताट वेगळं ठेवून काहीच साधत नाही, खिडकी उघडी ठेवून, तोंडाला मास्क लावून आणि गोळ्या वेळेवर घेऊन साधतं. तोच टीबी त्याच घरातल्या कर्त्या मुलाला निघाला की तो हॉलमध्ये पंख्याखाली, दार-खिडकी लावून, टीव्हीसमोर खोकत बसलेला असतो, नातू त्याच्या मांडीवर, आणि त्याच्या बायकोने मास्क लाव म्हटलं की सासू म्हणते नवऱ्याला वाळीत टाकतेस का. जिथे गरज नाही तिथे कडक आणि जिथे गरज तिथे ढिलं, हा अडाणीपणा म्हणून सोडून देता येत नाही, कारण ढिलं कुणासाठी आणि कडक कुणासाठी हे त्यांना बरोबर कळतं.

टीबीबद्दल जरा जास्त बोलते कारण बेफिकिरीची सगळ्यात मोठी किंमत तिथे द्यावी लागते. जगातल्या टीबीच्या पेशंटपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. २०२५ पर्यंत टीबी संपवायचा असं आपण ठरवलं होतं आणि तो संपलेला नाही. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा, पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन, आणि २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत खाण्यासाठी महिना ५०० रुपये खात्यात यायचे, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. यंत्रणेत हजार त्रुटी आहेत, कधी गोळ्यांचा तुटवडा, कधी पैसे महिनोन् महिने नाहीत, ते खरंच आहे. पण समजा गोळ्या हातात आल्या, तर पुढे त्या घेणं माणसाच्या हातात आहे, आणि गडबड तिथेच होते. दीड-दोन महिन्यांत ताप जातो, भूक लागते, वजन चढतं, खोकला थांबतो. त्याला वाटतं झालो बरा. लघवी लाल होते, पोटात मळमळतं, आणि गोळ्या चालू असताना दारू नको असं डॉक्टरांनी बजावलेलं असतं, ते तर त्याला सगळ्यात जड जातं. मग एक दिवस सुटतो, मग आठवडा, मग पाकीट कपाटात मागे जातं.

माझ्या ओळखीतल्या एका ताईंच्या घरी हेच झालं. त्या रोज सकाळी चहाबरोबर गोळ्या वाटीत काढून समोर ठेवायच्या, तो घेतो म्हणायचा आणि ऑफिसला जाताना खिशात टाकायचा, पँट धुवायला घेतली की खिशात लाल झालेला लगदा निघायचा. बोलल्या की भांडण. सासूला सांगितलं तर "अगं पुरुष माणूस, कामाच्या गडबडीत राहतं." पुढे त्याचा खोकला परत आला, तपासलं तर आता नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी, आणि काही महिन्यांनी ताईंना ताप यायला लागला, आणि त्यांना झाला तो पहिल्या फटक्यातच दाद न देणारा. हे लोकांना कळतच नाही. नवऱ्याने औषध अर्धवट सोडून जंतूला कणखर केलं की बायकोला तोच कणखर जंतू लागतो, तिने आयुष्यात टीबीची एकही गोळी चुकवलेली नसते, चुकवायला खाल्लेलीच नसते. त्या काळी या टीबीचे उपचार दीड-दोन वर्षं चालायचे, महिनोन् महिने इंजेक्शनं, आणि त्या इंजेक्शनांनी कितीतरी लोकांचं ऐकू येणं गेलंय. ताईंच्या एका कानाला आता ऐकू येत नाही. अलीकडे सहा महिन्यांच्या फक्त गोळ्यांचा कोर्स आलाय, भारतात त्याला २०२४ मध्ये मान्यता मिळाली, ही फार मोठी गोष्ट आहे, पण गेलेला कान परत येत नाही.

घरात फुफ्फुसाचा टीबी निघाला की बाकी सगळ्यांची तपासणी व्हायला पाहिजे, आणि आजार नसला तर तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक गोळ्याही आता घरातल्या सगळ्यांना देतात, पूर्वी त्या मुख्यतः पाच वर्षांखालच्या मुलांना आणि एचआयव्ही असलेल्यांना द्यायचे. एक कोर्स सहा महिने रोजच्या गोळीचा, दुसरा आठवड्यातून एकदा असा बारा आठवड्यांचा. लहान मुलांसाठी हे फारच महत्त्वाचं, कारण त्यांच्यात टीबी मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. आता बायकोला टीबी निघाला तर नवरा एक्स-रे काढायला जातो का? "मला काही होत नाहीये, मी ठणठणीत आहे, सुट्टी कोण देणार." बायको मुलांना घेऊन रांगेत उभी राहते, मुलांना गोळ्या चारते, स्वतःच्या घेते, आणि घरात न तपासलेला एक माणूस तसाच हिंडत असतो. आरोग्य सेविका घरी येतात त्यासुद्धा बोलतात कुणाशी, तर बाईशी. "ताई, लक्ष ठेवा हं त्यांच्या गोळ्यांवर." पेशंट तो, प्रौढ माणूस, बँकेचं कर्ज स्वतःच्या सहीने काढणारा, आणि त्याच्या गोळीची जबाबदारी तिची. मला त्या सेविकांना नावं ठेवायची नाहीत, भर उन्हात दारोदार फिरतात आणि त्या जातात तेव्हा नवरे कामावर असतात. पण मग वेळ बदला, फोन त्याला करा, दवाखान्यात औषध न्यायला त्यालाच बोलवा, तिच्या हाती पाकीट देऊ नका.

टीबी नको, अगदी साधी खरूज घ्या. खरजेला एकच नियम आहे, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून पायापर्यंत मलम लावायचं, खाज असो नसो, आणि दुसऱ्या दिवशी चादरी-कपडे गरम पाण्यात. एकाने टाळलं की पंधरा दिवसांनी सगळं घर पुन्हा खाजवत बसतं. आणि टाळणारा कोण असतो हे कुठल्याही त्वचेच्या डॉक्टरांना विचारा. गजकर्णाचं तर त्याहून वाईट. पावसात ओली जीन्स दिवसभर अंगावर, जांघेत खाज, लाज वाटते म्हणून कुणाला दाखवायचं नाही, मेडिकलवाल्याकडून ट्यूब आणायची. त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं, दोन दिवस खाज थांबते, बुरशी मात्र आतून पसरत राहते आणि मग साध्या औषधाला जुमानत नाही. २०१८ मध्ये अशी बरीच स्टिरॉइडची मलमं प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायची नाहीत असा नियम झाला, तरी ती मिळतात. तोपर्यंत तोच टॉवेल, तेच अंथरूण, आणि बायकोला आणि मुलाला चट्टे. तिला जेव्हा कळतं तेव्हा त्याला होऊन सहा महिने झालेले असतात. सांगायचं होतं ना रे! तिथे लाज वाटण्यासारखं काय होतं?

सांगणं ही यातली पहिली गोष्ट आणि तीच होत नाही. फ्लूचा माणूस ताप चढायच्या आदल्या दिवसापासूनच दुसऱ्याला देऊ शकतो, कांजिण्या पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात, त्यामुळे घसा खवखवायला लागला तेव्हाच बोललं पाहिजे. कशासाठी, तर घरात कोण आहे त्यावर सगळं ठरतं. दोघं धडधाकट असतील तर सर्दी ही सर्दीच. पण बायकोला सातवा महिना असेल, तिला लहानपणी कांजिण्या झालेल्या नसतील आणि हा ऑफिसमधल्या कुणाच्या तरी संपर्कात येऊन गप्प बसला असेल तर? वडिलांना डायबिटीस आहे, आईची केमो चालू आहे, बाळ दीड महिन्याचं आहे. सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. डांग्या खोकल्याची पहिली लस सहाव्या आठवड्यात आणि पुढच्या दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, तोपर्यंत त्या जिवाला मोठं संरक्षण हेच की आसपासची मोठी माणसं त्याला आजार देत नाहीत. मोठ्यांना डांग्या खोकला नुसता लांबलेला खोकला म्हणून येतो, महिनाभर खोकतात, कफ सिरप घेतात, कामाला जातात. तान्ह्या बाळाला तोच खोकला आला तर ते खोकतही नाही धड, श्वास थांबतो, निळं पडतं. ज्याने हे एकदा बघितलंय तो पुन्हा "काही होत नाही" म्हणणार नाही.

आता यावर जे बोललं जातं त्यातल्या काही गोष्टी मी मनापासून मान्य करते. पहिली म्हणजे रजा. बऱ्याच पुरुषांना घरी बसून आराम करण्याची सोयच नाही. आपल्या राज्याच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात, म्हणजे ठराविक संख्येहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, वर्षाला आठ कॅज्युअल लीव्ह आहेत, आजारपणाची म्हणून वेगळी रजा त्यात धरलेलीच नाही. पगार २१,००० पर्यंत आणि ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, नाव असेल तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो, टीबीसारख्या लांबलेल्या आजाराला ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंतही मिळू शकतो, पण रिक्षावाला, प्लंबर, सेंट्रिंगवरचा माणूस, डिलिव्हरीवाला यांना काय? एक दिवस खाडा म्हणजे त्या दिवसाची चूल. त्या माणसाला ताप अंगावर काढू नकोस असं एसीत बसून सांगणं मला नाही जमणार. पण तापात कामावर जावं लागणं वेगळं आणि घरी येऊन हात न धुता तान्ह्याला जवळ घेणं वेगळं. हे दुसरं टाळायला एक रुपया लागत नाही. वेगळा टॉवेल, बाजूला अंथरूण, खिडकी उघडी, तोंडावर रुमाल, एवढं दहा बाय दहाच्या खोलीतही होतं. आणि माझा अनुभव असा की सगळ्यात जास्त हट्टीपणा रजा मिळणारेच करतात, ज्यांना वर्क फ्रॉम होमसुद्धा मिळतं.

दुसरं सांगतात की सगळ्यांना थोडं थोडं होऊ दे, त्यानेच मुलांची इम्युनिटी वाढते. मुलांनी मातीत खेळावं, कुत्र्या-मांजरांत वाढावं, याच्याशी माझं काही भांडण नाही. पण गोवर, डांग्या खोकला, टीबी हे काही मातीत खेळणं नव्हे. गोवर तर उलट आधीची मिळवलेली प्रतिकारशक्ती बरीचशी पुसून टाकू शकतो, लस घेतली नसेल तर. २०२२ च्या शेवटी गोवंडी आणि आसपास गोवराने मुलं दगावली, आणि तीही मुंबईत, जिथे हॉस्पिटलं हाकेच्या अंतरावर. इम्युनिटी लसीने मिळते तेव्हा मुलाला लसीला न्यायला वेळ नसतो आणि पुढे "होऊ दे थोडं" म्हणायला वेळ असतो.

तिसरं, जवळीक. आजारी माणसाला दूर केलं की त्याला एकटं वाटतं, हे खरं आहे आणि त्याची मला काळजीही आहे. पण ज्याला घरातल्यांबद्दल माया आहे त्याने स्वतः मागे सरावं, बायकोने ढकलून मग भांडून मागे सरकवायची वेळ आणू नये. माझ्या माहेरी वडिलांना एकदा फ्लू झाला तेव्हा ते आपणहून गॅलरीत कॉट टाकून झोपले, आईला आत यायला बंदी, आणि दुरून तिच्याशी रात्री अकरापर्यंत गप्पा मारत बसले. आई आजही सांगते ते.

शिक्षेची मागणी मी करत नाहीये. जिवाला धोका असलेला आजार निष्काळजीपणे पसरवला तर सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम २७१, आधी आयपीसीत २६९ होतं. कुठली बायको त्यासाठी पोलीस स्टेशनला जाणार, आणि गेली तरी काय होणार. सक्तीने काय होतं ते पुण्याने १८९७ च्या प्लेगमध्ये बघितलंय, घराघरात शिरलेले गोरे सोल्जर लोक अजून विसरले नाहीत, घरचा आजार सरकारपासून लपवायची सवय तेव्हाच लागली असेल तर नवल नाही. त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले पेशंटना दवाखान्यात पोचवता पोचवता गेल्या. आजाऱ्याची सेवा जीव ओतून करायची शिकवण आपल्याकडे बायकांना भरपूर आहे. आपला आजार दुसऱ्याला होऊ नये म्हणून झटायची शिकवण पुरुषांना कुणी दिली, मला एक जण सांगा.

ती द्यायची जबाबदारी सगळ्यात आधी डॉक्टरांची आहे असं मला वाटतं, कारण बायकोचं न ऐकणारा नवरा डॉक्टरांचं ऐकतो, निदान थोडं तरी. गरोदर बाईच्या प्रत्येक तपासणीला सांगतात काय खायचं, किती चालायचं, पण नवऱ्याला खुर्चीत बसवून कुणी विचारतं का, की तुला कांजिण्या झाल्यात का, फ्लूची लस घेतलीस का, खोकला किती दिवस आहे? बाळंतपणाआधी वडिलांनी आणि घरातल्या मोठ्यांनी डांग्या खोकल्याची आणि फ्लूची लस घ्यावी हे बालरोगतज्ज्ञ सांगतात, पण सांगतात आईला, मग आई घरी येऊन नवऱ्याला सांगते, मग तो म्हणतो मला कशाला. तो कागद त्याच्या नावाने लिहा. व्हायरलचा पेशंट आला तर पॅरासिटामॉलच्या खाली एक ओळ लिहा, पाच दिवस बाळाला घ्यायचं नाही, वेगळं झोपायचं. डॉक्टरांच्या अक्षरात असलं की घरात त्यावर वाद होत नाही, सासूबाईसुद्धा मानतात. ऑफिसवाल्यांनी तापात आलेल्या माणसाला शाबासकी देणं बंद करावं, "बघा, ताप असूनही आला" हे कौतुकाने सांगणारे साहेब प्रत्येक ऑफिसात आहेत आणि त्यांच्याकडे बघूनच बाकीचे शिकतात.

आणि आपल्या मुलग्यांना आपणच शिकवू शकतो. माझा भाचा दहा वर्षांचा आहे, त्याला ताप आला की त्याचा नॅपकिन तो स्वतः वेगळ्या खिळ्याला लावतो, खोकला आला की कोपरात खोकतो, आणि आजीला सांगतो, आजी तू आज माझ्या खोलीत येऊ नकोस. शाळेत कोव्हिडनंतर शिकवलेलं त्याने धरून ठेवलंय. त्याच्या बाबांना मात्र मागच्या महिन्यात खोकला झाला तेव्हा ते आजीच्या शेजारी बसूनच खोकत होते, आणि उठून दुसऱ्या खोलीत जा असं त्यांना सांगायची वेळ पुन्हा माझ्या वहिनीवरच आली.